मामंजींचे पाव्हणे

मोठा मासा गळाला लागला की आमचे मामंजी त्याच्याशी बोलायला लागत. एरवी दिवसभर घरात तोंडातून शब्द निघायचा नाही, पण प्रवरेच्या डोहात कंबरभर पाण्यात उभे राहून, दोरी कधी ढिली कधी ताठ करत माशाची विनवणी चालायची, "दम घ्या पाव्हनं, दम घ्या. घाई न्हाई." मासा थकून काठाशी आला की त्याला पोटाखाली हात घालून उचलून आणत. डोक्यात काठी कधी घातली नाही. नवी सून होते तेव्हा मला हा सगळा वेडेपणाच वाटायचा.

सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर मात्र त्यांचा भारी राग. सरकारची बंदी होतीच, पण आमच्या गावात सरकार म्हणजे मामंजी. पाण्यात धडाका झाला की धोतर खोचून थेट पोलीस चौकीत. त्यांच्यापायी आमच्या भावकीतले दोघे जण तुरुंगात जाऊन आले. त्यांच्या आया पाणवठ्यावर टोमणे मारायच्या मला. मामंजींना ते कुठे ऐकू येणार?

मग दुष्काळ पडला. नदी आटत आटत एका डोहापुरती उरली आणि त्यात राहिली एक थोरली महाशीर मासळी. मामंजींनी गळ आढ्याला टांगून ठेवला. "तिच्या पोटात गाबोळी हाय, अंडी हायेत. पानी येस्तवर तिला हात लावायचा न्हाई," म्हणाले. घरात आम्ही सगळे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर होतो. मला अंगावरच्या लेकीपुरतं दूधही येत नव्हतं.

एका दुपारी आमचे हे तीच महाशीर खांद्यावर घालून आले. दुष्काळी कामावर हे विहिरीला सुरुंग लावणाऱ्यांच्या हाताखाली होते. मी चूल पेटवायला धावले. मामंजींनी माशाचा जबडा उघडून पाहिला, मग पोटावरून हात फिरवला. पोट आतून फुटलं होतं.

"गळ कुठं लागलाय हिला?"

ह्यांनी मान खाली घातली. "पोरीची आई उपाशी हाय, आबा."

मामंजी उठले, धोतर खोचलं. मी दारात आडवी झाले. "मामंजी, घरात लेकरू हाय वो!"

"त्या दोघांच्या घरात न्हवती व्हय लेकरं?" त्यांनी मला हातानं बाजूला सारलं. "त्यांच्या आयांना आता कोनतं तोंड दावू मी?"

ह्यांना धरून नेलं. पुरावा म्हणून मासाही नेला. खोटं कशाला बोलू, मी त्या म्हाताऱ्याला मनातून शिव्याशाप दिले. ते ह्यांच्या जागी खडी फोडायला जाऊ लागले. मिळालेली सुकडी माझ्यापुढे ठेवून सोलवटलेल्या हातांनी अंगणात बसून राहायचे. मी दोन घास वाढायची, बोलायची नाही.

हे सुटून आले, पण बापाशी पुन्हा बोलले नाहीत. पाऊस झाला, डोह भरला. मामंजींनी गळ काही खाली काढला नाही. ते गेले तेव्हा हे कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सकाळी मी डोहावर धुणं धूत होते. ह्यांनी आढ्याचा तो गळ त्या दिवशी पहिल्यांदाच काढून आणला होता. मोठा मासा लागला. माझ्याकडे पाठ करून हे कंबरभर पाण्यात उभे होते, दोरी ढिली सोडत होते, आणि मला ऐकू आलं, "दम घ्या पाव्हनं, दम घ्या..."

मासा केव्हाच सुटून गेला होता, आणि हे रिकामी दोरी धरून लहान पोरासारखे रडत होते.