मामांनी देवीला दिलेला शब्द

इंग्रज देश सोडून गेले, ही बातमी माझ्या बायकोच्या मामांनी कधी मनापासून मानली नाही. त्यांच्या मते साहेब फक्त बोटीत बसला होता. बिस्किटांतून, साबणातून आणि डब्यातल्या दुधातून त्याचं मामांच्या गावात, धामापुरात, येणं-जाणं चालूच होतं. त्यामुळे प्रकृतीची काळजी आणि देशाची काळजी ही मामांच्या लेखी एकच काळजी. स्वतः सकाळी उकड्या तांदळाची पेज घेत, आल्यागेल्याला आमसुलाचं सरबत देत, तेही करवंटीतून. कुणी खोकला की त्याची जीभ तपासत आणि आदल्या दिवशी कोणता विलायती पदार्थ खाल्ला ते दरडावून विचारत. आमच्या लग्नाच्या बोलणीत कपाखाली कुठल्या देशाची छाप आहे हे बघायला त्यांनी कप उलटा केला. कपात चहा होता. तो माझ्या वडिलांच्या धोतरावर गेला, तरी लग्न जमलं, ही वडिलांची थोरवी. मामांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र स्वित्झर्लंडचं. छेडलं तर म्हणत, "ता मनगटार आसा, पोटात नाय." घरच्या कुणाच्याही अंगात परकी वस्तू जाऊ देणार नाही, असा त्यांनी गावच्या भगवतीदेवीला शब्दच दिला होता.

मग एका श्रावणात मामींना न्यूमोनिया झाला. मालवणहून आलेल्या डॉक्टरांनी पेनिसिलिनची कुपी काढली. मामांनी ती चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि शुद्ध मराठीत विचारलं, "आपल्या देशातलं नाही का, डॉक्टर?"

"तयार होतं म्हणतात. पण ते इथवर येईपर्यंत ह्या थांबायच्या नाहीत."

मामी धापा टाकत म्हणाल्या, "आधी माका बरी करा, देशाचा मागसून बघा."

मामांनी "टोचा" म्हटलं आणि तडक देऊळ गाठलं. मला बरोबर घेतलं, कारण गाऱ्हाण्याला होकार द्यायला दुसरा माणूस लागतो. देवीसमोर हात जोडून म्हणाले, "आई भगवती, तुका दिलेलो शबुद आज मी मोडलंय. तिच्या अंगात परमुलखाचा औषध गेला, ता माझ्या सांगण्यान. दोष माझ्या माथ्यार घाल, तिका बरी कर, म्हाराजा." इतकी वर्षं त्यांची थट्टा करणारा मी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणालो.

मामी उठल्या, पुढे बारा वर्षं नांदल्या. मामा आपला नेम पाळत राहिले, पण दुसऱ्याला शिकवणं त्यांनी सोडलं ते कायमचं. समोर कुणी काहीही खाल्लं तरी अंगणाकडे बघत बसत. सुटलो म्हणून आम्ही आधी खूश झालो. मग मात्र त्या घरी जेवताना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. शेवटी एकदा मीच विचारलं, "मामा, हल्ली आम्हाला रागावत नाही तुम्ही?"

ते म्हणाले, "जावयबापू, माका तुमची मामी व्हयी होती. आता दुसऱ्याक खंयच्या तोंडान सांगू?"