परतीचं अर्धुक

"तिकीट टोपीत, टोपी डोक्यावर, आन् डोकं ठिकाणावर." असं म्हणून अण्णा आपल्या काळ्या टोपीच्या घडीवर दोन बोटं आपटायचे. घडीत तिकीट असो वा नसो. कोर्टाच्या पायऱ्या चढताना, भाजी घेताना, अगदी कुणाच्या घरी समाचाराला बसले असतानाही त्यांची बोटं टोपीकडे जायची. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याजवळ दोन मिनिटं उभं राहिलं की आपलीच गाडी चुकतेय असं वाटू लागतं.

बेळगावच्या कोर्टात अण्णांचं आणि माझं टेबल शेजारी होतं. तरुणपणी चार वर्षं अण्णा मुंबईत एका पेढीवर होते. त्या चार वर्षांच्या जोरावर आमच्या भागातली, म्हणजे टिळकवाडीतली, अर्धी माणसं मुंबई बघून आली. निघणारा माणूस आधी देवापुढे नारळ ठेवी आणि मग अण्णांच्या ओट्यावर येई. अण्णा त्याला बसवत आणि स्वतः येरझारा घालत. "किती दिस ऱ्हानार? रोज कितीदा फिरनार?" चार दिवस राहणाऱ्यानं ट्रामचं सुटं तिकीट काढायचं. वाटेत ट्राम बदलायची असेल तर कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवायचं. महिन्याचा पास मात्र पाहुण्यानं काढायचा नाही. "पास काढला म्हंजे माणूस तिथला झाला." रेल्वेचं तिकीट नेहमी रिटर्न, पण मुदतीत परत येणार असाल तरच. जाण्याचा अर्धा तुकडा उतरताना स्टेशनच्या फाटकावर द्यायचा आणि परतीचं अर्धुक टोपीत जपायचं.

एकदा निपाणीचा एक तंबाखूवाला मोटारीनं बेळगावात आला, इथून मुंबईची गाडी धरायला. अण्णांनी त्याला आल्या पावली पिटाळलं. "कोल्हापूर जवळ असताना हिकडं कशाला आलासा?" त्या बिचाऱ्याचा एक दिवस फुकट गेला. पण तो चिडला नाही. पुढे दर दिवाळीला त्याच्याकडून तंबाखूचा पुडा येई. अण्णा तंबाखू खात नसत, तो मला मिळे.

त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणत असू. मूलबाळ नव्हतं. आक्कांना अक्षरओळख नव्हती, पण दाराआड बसून ऐकून ऐकून त्यांना तिकिटांतलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्या आक्कांच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला न्या, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. दीड-दोन महिने तरी लागतील, आणि पुढचं काही सांगता येत नाही. हे मला सांगताना अण्णांनी टोपी इतक्या वेळा चाचपली की शेवटी ती तिरकी झाली.

मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला दोन तास अवकाश होता, म्हणजे अण्णांच्या हिशेबानं उशीरच झाला होता. रिटर्नची मुदत एक महिन्याची. त्यांच्याच नियमाप्रमाणे साधी, एकेरी तिकिटं काढायला हवी होती. ते खिडकीशी वाकले आणि मागून, पेटीवर बसलेल्या आक्कांनी विचारलं, "माझं बी रिटर्नच काढतायसा न्हवं?"

अण्णा क्षणभर तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "दोन रिटर्न."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "बघू नका तसं," ते पुटपुटले.

तीन आठवड्यांनी मी कामानिमित्त मुंबईला गेलो, तेव्हा अण्णांबरोबर ट्रामनं इस्पितळात निघालो. ते रोज दोन खेपा करत होते आणि प्रत्येक खेपेला सुटं तिकीट काढत होते. "अण्णा, आता तरी पास काढा," मी म्हणालो. ते जागेवरून उठलेच. "पास काढायचा म्हंजे अजून म्हैनाभर ती हितंच ऱ्हानार, असं कबूल केल्यागत व्हतंय. उद्या-परवा सोडतील." इस्पितळ यायला दोन थांबे होते, तरी ते दारात जाऊन उभे राहिले. त्यांची चुळबुळ मला बघवत नव्हती.

मुदत संपली त्या दिवशी ते बोरीबंदरला जाऊन, ती वाढवून मिळते का, म्हणून विचारून आले. हे मला मागाहून आक्कांनीच सांगितलं. मुदत वाढत नाही, हे अण्णांनी स्वतः अर्ध्या गावाला पढवलं होतं.

दोन महिन्यांनी दोघंही परत आली, नवी साधी तिकिटं काढून. आक्का निम्म्या झाल्या होत्या, पण चालत होत्या. फाटकावर अण्णांनी सवयीनं टोपीतली मुदत संपलेली अर्धुकं काढून दिली. तिकीट कलेक्टरनं हात आडवा घातला. अण्णा हसू लागले. नवी तिकिटं कोटाच्या खिशात सापडली, तेव्हा जुनी दोन्ही त्यांनी परत मागून घेतली आणि पुन्हा टोपीत ठेवली.

त्यानंतर मुंबईला निघालेल्यांना अण्णांकडून फारसं काही मिळेना. "कसलं बी तिकीट काढा," ते म्हणत, "पर परत या."

चार वर्षांनी अण्णा गेले. साधा ताप आला आणि तिसऱ्या दिवशी आटोपलं. इथेही दोन तास आधीच जाऊन बसले बघा, असं मी कोर्टात म्हणालो आणि तिथेच मला रडू कोसळलं.

आक्कांचा मुंबईतला भाऊ त्यांना कायमचं बोलावत होता. त्यांनी घर सोडलं, भांडी गल्लीत वाटून टाकली. स्टेशनवर मीच गेलो. खिडकीशी माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आक्का, रिटर्न काढू?"

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत टोपीच्या घडीत राहून वाकलेलं एक पिवळट अर्धुक होतं.

"परतीचं हाय माझ्याजवळ," आक्का म्हणाल्या. "जायाचं तेवढं काढा."

मी खिडकीत हात घातला आणि जायचं तेवढं काढलं.