दत्तारामांचा जुना इनिट

घाटकोपरच्या दत्ताराम परबांना घाईची भारी चीड. पवईच्या एका कॉलेजात जन्मभर कॉम्प्युटर सांभाळलेला माणूस, पण घरच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर त्यांनी हट्टाने जुनाच इनिट ठेवला. इनिट म्हणजे मशीन सुरू होताना एकेका कामाला उठवणारा. जुना रांगेने उठवतो. एकाचं आटोपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. नवा सिस्टिमडी सगळ्यांना एकदम हाका मारतो.

"रोजच्या वापराला नवाच बरा, काका," पुतणी दीप्ती म्हणायची. ती अंधेरीला याच कामात होती.

"तुझो बेगीन उठता गो, पण खंय अडाकलो ता कळणा नाय," काका मालवणीत म्हणत. लवकर उठण्यापेक्षा कुठे अडकलं ते कळणं त्यांना महत्त्वाचं.

रांगेच्या अगदी शेवटी त्यांनी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. सकाळी बटण दाबलं की मृणालिनीकाकी आत जाऊन आधण ठेवत. पाणी उकळायला लागलं की हॉलमधून हाक यायची, "चाय टाक गो, मी इलंय." स्वतःच्या बायकोला हाक मारायलाही या माणसाला मशीन लागतं, असं म्हणून काकी चिडायच्या.

गेल्या वर्षी दत्ताराम गेले. काकी मात्र रोज बटण दाबत राहिल्या. हाक आली की चहा टाकायचा, बस. स्वयंपाकघरातून हॉलमधली त्यांची खुर्ची दिसत नाही, ही त्या घराची कृपाच म्हणायची.

मग डिस्क गेली. दीप्तीने होतं नव्हतं ते सगळं नव्या डिस्कवर आणलं, त्यासोबत नवा इनिटही आला. मशीन झटक्यात सुरू झालं. हाक काही आली नाही. काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"पुन्हा गेले का गं?"

काकांच्या खुर्चीत बसायचं दीप्तीच्या जिवावर आलं होतं. स्टुलावर बसून ती बराच वेळ शोधत राहिली.

"गेले नाहीत, काकी. इथे सगळे एकदम उठतात ना, आवाज काढणारं साउंड कार्ड जागं व्हायच्या आधीच काका बोलून मोकळे होतात."

तिने एक ओळ लिहिली: आधी साउंड कार्ड, नंतर काकांचा आवाज. पुन्हा बटण दाबलं.

काकी सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या. उंबऱ्यापर्यंतही पोचल्या नसतील, तोच पाठीमागून हाक आली, "चाय टाक गो, मी इलंय."

त्यांनी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. इतके दिवस ती हाक ऐकताना त्यांनी खुर्चीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"बघ, किती फास्ट. झकास ना?" दीप्ती म्हणाली.

काकींनी पदराने डोळे पुसले.

"झकास आहे गं. पण जरा हळू करता येईल का? मला आत जाईपर्यंत तरी."