सील म्हणजे ओल

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि ओळखत असलात तरी आता मागे फिरणार नाही.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. मी सातवीतून शाळा सोडली. आदिलाबादला लागून मावला आहे, तिथले आम्ही भाजीवाले. तेव्हा सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही म्हणाल, शिकलेला नाही बिचारा, शब्दात फसला असेल. ते म्हणू नका. बिचारा तर मुळीच म्हणू नका. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला कळत नाही असं कोण म्हणतं? मला सगळं कळत होतं.

घरापासून फार लांब, समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात मी जमिनीखाली काम करतो. पावसाचं पाणी रस्त्यांवर तुंबू नये म्हणून त्या शहराच्या पोटातून एक बोगदा काढला आहे. पाणी वरून आत घ्यायचं आणि समुद्रात नेऊन सोडायचं. आतून बस जाईल एवढा मोठा. सिमेंटच्या कड्या एकीला एक लावून केलेला. दोन कड्यांमधल्या सांध्याला आम्ही जोड म्हणतो. पावसाळ्याआधी बोगदा कोरडा असतो, तेव्हा एकेक जोड तपासायचा — बाहेरचं पाणी आत झिरपतं का, ते पाहायचं.

हे काम नारायणकाकांचं. काका आमच्याच गल्लीतले, मला तिथे त्यांनीच लावलं. पहिल्या दिवशी क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून खाली उतरताना माझे दात वाजत होते. काकांनी माझा हात धरून भिंतीवर ठेवला आणि म्हणाले, "पाह्य दत्ता, भिंत कोरडी हाय तवर आपल्याले कायचं भ्याव?" मी आज दोन वेळ जेवतो तो त्या हातामुळे. हे विसरलोय असं समजू नका. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

काकांना त्या शहराची भाषा कधी आली नाही. पहिल्याच आठवड्यात जेवताना त्यांनी वाढणाऱ्याकडे सांबार मागितला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्याने पळीभर आमटी त्यांच्या भातावर ओतली. "अरे, सांबार मांगतलो मी, हे काय आंघोळीचं पाणी?" असं काका म्हणाले आणि सगळी रांग हसली. सगळ्यात जास्त मी हसलो. तेव्हाच मनाशी ठरवलं — आपल्यावर असं कोणी हसता कामा नये.

तपासणीची रीत सोपी होती. काका जोडावर तळवा टेकवून सांगायचे, मी वायरलेसवर वर कळवायचो, साहेब रजिस्टरात लिहायचे. साहेब तिकडचेच. इंग्रजी चांगलं, हिंदी मोडकंतोडकं. जिथे ठिबकत होतं तिथे मी 'पानी' म्हणालो. एक्केचाळीसाव्या जोडावर काकांनी तळवा टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. "सील हाय," ते म्हणाले, "सांग साहेबाले." आमच्याकडे भिंतीला ओल आली की सील आली म्हणतात. मी जसंच्या तसं सांगितलं — सील है, साहेब.

इथपर्यंत चूक कोणाचीच नाही. इथेच थांबता आलं असतं तर मी आज लिहीत बसलो असतो का?

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढे रजिस्टर माझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून पान उघडून दाखवत होते. ओल्या जोडांपुढे गोल. कोरड्यांपुढे बरोबरची खूण. एक्केचाळीसपुढे बरोबरची खूण, आणि बाजूला इंग्रजीत एक शब्द. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, सील्ड, म्हणजे पक्का बंद, तूच तर बोललास.

साहेब, आमच्यात सील म्हणजे ओल — एवढंच बोलायचं होतं. जिभेवर होतं. पण डोळ्यांपुढे ती हसणारी रांग आली. रजिस्टर सांभाळणाऱ्याला इंग्रजीतलं सील माहीत नाही? मी मान हलवली आणि बाहेर आलो. उद्या सांगू म्हटलं. असे किती उद्या गेले, ते मी मोजले नाहीत.

मग पाऊस आला. बोगद्याने शहराचं पाणी गिळलं, आणि एक्केचाळीसावा जोड उघडला. तिथून वाळू आत आली, वरचा रस्ता खचला. कोणाला लागलं नाही.

केबिनमध्ये आम्ही तिघं. साहेब, काका, मी. काका म्हणत होते, मी सांगितलं होतं, हात लावून सांगितलं होतं. साहेबांनी रजिस्टर पुढे ढकललं आणि मला विचारलं, ये क्या बोला था?

मी म्हणालो, "सील बोले थे, साहेब."

पाहा — एक अक्षर खोटं नाही. काकांचा चेहरा उजळला. आपलं पोरगं आपल्या बाजूने बोललं. ते जोरजोरात मान हलवू लागले, "हां साहेब, सीलच बोललो. सीलच." साहेबांनी त्यांचा गेटपास काढून घेतला.

माणसाने आपल्याच तोंडाने आपला गुन्हा कबूल केला — आणि तोही हसतमुखाने. ते मी करवलं.

काका आता मावल्यात रस्त्याकडेला भाजी विकतात. लोक टोमणा मारतात — शयर बुडवून आले नारायणराव. काका त्यांना सांगतात, "मी तं खरं सांगतलं होतं, इचारा दत्ताले. मले कामावरून काऊन काढलं, देव जाणे." हल्ली बोलता बोलता आपला तळवा उलटासुलटा करून पाहतात.

गेल्या पोळ्याला मी सांगायलाच गेलो होतो. चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "हा माह्याकून बोलला होता, एकटा." आणि सांबाराची मोठी जुडी माझ्या पिशवीत कोंबली. मी ती घेतली. घरी नेली. बायकोने वड्या केल्या आणि मी त्या खाल्ल्या.

रजिस्टर आता माझ्याकडे आहे. काकांची मुलगी वाचते, हे छापून आलं तर त्यांना वाचून दाखवील. मग ते काय करायचं ते करोत. कोर्टात नेतील, तोंडावर थुंकतील, की नुसते तळव्याकडे पाहत बसतील — मी कुठे पळून जाणार नाही.

एक्केचाळीसावा जोड ओला होता. नारायणकाकांच्या हाताने तो ओळखला होता. आणि त्या केबिनमध्ये 'सील'चे दोन्ही अर्थ फक्त मला माहीत होते.