शेवटून वाचणारे फौजी

सोमवार सकाळ, कुपवाडचा छापखाना. हजर: मी, छापखान्याचे मालक आणि लेकीच्या लग्नपत्रिका न्यायला आलेले एक अनोळखी माजी फौजी.

आमच्या गुळाची इंग्रजी लेबलं मशीनवर चढत होती. माल संध्याकाळी परदेशी निघणार होता. फौजींनी सहज नमुना उचलला आणि एकेका शब्दावर नख ठेवत शेवटाकडून उलटा वाचायला घेतला.

“आवं ताई, सरळ वाचलं की डोळं पळत्यात,” ते म्हणाले. मग एकदम ओरडले, “मशीन थांबवा! गोड पदार्थाच्या जागी वाळवंट छापताय व्हय?”

‘डेझर्ट’मधला एक एस गळला होता! मी आनंदानं टाळ्याच वाजवल्या. लेबलं सुधारून वेळेत निघाली.

गेल्या वर्षी गावभर वाटलेलं आमचं इंग्रजी माहितीपत्रक उलटं वाचायचं मात्र अजून राहिलंय.