तिच्या अत्तराची डबी

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना गल्लीत सगळे ‘नाकवाले काका’ म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांची काळजी वाहायची आणि दुकान बंद केलं की जुन्या बाजारात जाऊन डब्या हुंगत बसायचं, हा त्यांचा परिपाठ. डब्या म्हणजे चांदीच्या, अंगठ्याएवढ्या, जुन्या काळी लोक अत्तरासाठी जवळ बाळगत त्या. झाकणाखाली नक्षीची जाळी, जाळीखाली अत्तरात भिजवलेला स्पंजाचा तुकडा. इतर शौकीन डबी हाती आली की आतबाहेर घासून लखलखीत करत. काका बाहेरून पुसत, आत बोटही लावू देत नसत. चांदी काय, कुठेही मिळते. आतला वास गेला की गेला, असं त्यांचं म्हणणं. संसारात एवढं लक्ष घातलं असतं तर आज कुठल्या कुठे असतो, असं बायको ऐकवायची. पण त्यातलीच एक डबी तिने हक्काने उचलली, स्वतःचं अत्तर घालून पर्समध्ये टाकली आणि शेवटपर्यंत वापरली.

ती गेली आणि काकांचा बाजार सुटला. जेवण बेचव लागू लागलं, तेही त्यांनी दुःखाच्या खात्यावर टाकलं. तिची डबी कपाटात होती, पण ते ती उघडत नसत. उघडण्यागणिक वास थोडा उडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आठवण अनावर झाली की डबी नुसती मुठीत धरून बसत. बायको अजून त्या डबीत आहे, एवढ्या आधारावर त्यांनी वर्षं काढली.

एका संध्याकाळी मात्र राहवेना. त्यांनी झाकण उघडलं, जाळी उचलली, नाक लावलं. काहीच नाही. जपून जपून आपण काय मिळवलं, या विचाराने ते त्या दिवशी जेवलेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. टेबलावरची डबी तिने सहज उघडली आणि नाकाशी नेली.

“आई,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

काकांनी वाकून पुन्हा डबी हुंगली. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कॉफीचा डबा हुंगला, साबणाची वडी हुंगली. गल्लीत गाजलेलं नाक केव्हाच संपावर गेलं होतं आणि मालकाला पत्ता नव्हता. ते परत येऊन मुलीसमोर बसले.

“मला वासच येत नाही गं. तू सांग, कसा येतोय.”

तिने डोळे मिटले. आधी संत्र्याच्या सालीसारखा, म्हणाली, मग पावडरचा, आणि मागून जरासा डोकेदुखीच्या बामचा.

“बाहेर निघताना ‘आटपा आता’ म्हणून आपल्यावर चिडायची ना, तेव्हाचा.”

काकांना बायको दारात उभी दिसली. वास मात्र आला नाही. आयुष्यात ते कशासाठी इतके तळमळले नव्हते.

उडून जाईल म्हणत मुलगी घाईने झाकण लावायला गेली. बापाचीच लेक. काकांनी तिचा हात धरला.

“राहू दे उघडी,” ते म्हणाले. “जाताना घेऊन जा, आणि रोज हुंग. संपली तरी चालेल.”