पिशवीवरचा चौकोन

आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' असं लिहिलेलं आहे. साखरेवर 'साखर', हळदीवर 'हळद'. हळद न वाचताही ओळखू येते हे मला कळतं, पण बावीस वर्षं गोदामात काढलेल्या माणसाला चिठ्ठीशिवाय डबा बघवत नाही. बायको म्हणते, "मना पन एक चिकटवा कपाळावर. हरवले तर कोणी आणून तरी देईल." मी हसतो आणि नव्या डब्यावर चिठ्ठी लावतो.

आमचं गोदाम रियाधच्या अल सुलै भागात आहे. तिथे माझा एकच कायदा चालतो: खोक्यात काय आहे ते बाहेरून वाचता आलं पाहिजे, चारही बाजूंनी, आणि तेही दहा पावलांवरून. या कायद्यापायी मी कितीतरी माणसांवर ओरडलोय. त्याला कारणही आहे. एकदा लहान मुलांच्या दुधाची पावडर चिठ्ठी नसल्यामुळे तंबूंच्या ढिगाखाली महिनोन्महिने पडून राहिली आणि खराब झाली. ती फेकताना मी समोर होतो. त्या दिवसापासून मी जास्तच कडक झालो.

सुदानमध्ये लढाई पेटल्यावर इथल्या सरकारने मदत पाठवायला सुरुवात केली. त्यात एक खेप तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी होती, खास बायकांसाठी. औषधं वेगळ्या पेट्यांतून थेट डॉक्टरांकडे जायची होती. आमच्या कंपनीकडे पिशव्या भरायचं काम आलं. जाड निळ्या, पाणी न लागणाऱ्या कापडाची पिशवी. आत साबण, पॅड, आतले कपडे, एक चादर, एक टॉर्च. हजारभर पिशव्या दवाखान्यात येणाऱ्या कोणत्याही बाईसाठी होत्या. आणखी चारशे होत्या त्या सैनिकांनी ज्यांच्यावर बलात्कार केले होते त्या बायकांसाठी. त्यांत माल तोच, फक्त एक कार्ड जास्त. उपचार कुठे, कधी, कोणाकडे, हे त्या कार्डावर लिहिलेलं होतं.

सरकारच्या बाजूने हे काम एक सौदी डॉक्टरीणबाई बघत होत्या. बैठकीत त्या म्हणाल्या, "या चारशे पिशव्या चुकीच्या हाती जायला नकोत." मला तेवढंच हवं होतं. मी म्हणालो, "मॅडम, पिशवीवरच लिहू या." टेबलाभोवती सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनी सही केली आणि मला शाबासकी दिली. कंपनीच्या साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

स्टिकर मी स्वतः करून घेतलं. तळहाताएवढं, चौकोनी, पांढऱ्यावर लाल अक्षरं, वर अरबी, खाली इंग्रजी: 'युद्धातील लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी'. गोंद असा निवडला की उन्हात, खाऱ्या हवेत, कशातही निघू नये. निळ्या कापडावर ते झकास दिसत होतं. एक पिशवी मी घरी दाखवायला आणली, पण बायको सरकारी इस्पितळात नर्स आहे आणि तिची त्या आठवड्यात दुपारपाळी होती. पिशवी कपाटावर राहिली.

माल चढवायचा दिवस रविवार होता. कंटेनर किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या बंदरात पोचवायचा होता, हजारेक किलोमीटर, आणि बोट बुधवारी सुटणार होती. ट्रेलरचा ड्रायव्हर सुदानी होता. उंच, कमी बोलणारा, पन्नाशीचा माणूस. आमच्याकडे सात-आठ वर्षं येत होता. आम्ही दोघं मोडक्या अरबीत बोलायचो. म्हणजे मोडकी माझी, त्याची ती मातृभाषाच. एक खोकं उघडं होतं. त्याने आतली पिशवी उचलली, वाचली आणि स्टिकर आत जाईल अशी फिरवून ठेवली. मग दुसरी फिरवली, तिसरी फिरवली.

मी ओरडलो, "अरे, हे काय चाललंय? चिठ्ठी वर हवी!"

तो म्हणाला, "सदीक," म्हणजे मित्रा, "हे काढता येईल का?"

"का काढायचं?"

तो काहीतरी बोलणार होता. मला बुधवारची बोट दिसत होती. मी म्हणालो, "तू ट्रक चालव. यल्ला, चल!" त्याने खोकं बंद केलं. दहाच्या सुमारास कंटेनरला सील लागलं आणि तो गेला.

काम संपलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. त्याने पिशव्या फिरवल्या त्यात दांडगाई नव्हती. घरातली वस्तू जागेवर ठेवावी तशा ठेवल्या होत्या. मी दोनदा जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. शेवटी दुपारी दोनलाच घरी आलो. बायकोला सुट्टी होती, ती चहा करत होती. मी पिशवी कपाटावरून काढून तिच्यापुढे ठेवली. तिने हात पुसले, स्टिकर वाचलं, आणि गॅस बंद केला.

"ही खेप गेली?"

"सकाळीच."

तिने पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तुमी असं करा. ही पिशवी घ्या आणि खाली बकाल्यातून खुबूस घेऊन या."

बकाला म्हणजे आमच्या इमारतीखालचं वाणसामानाचं दुकान, खुबूस म्हणजे इथली रोटी. मी म्हणालो, "आत्ता खुबूस कशाला?" ती म्हणाली, "जावा तरी."

मी निघालो. लिफ्टमध्ये शेजारचे इजिप्शियन मास्तर होते. सलाम झाला. त्यांचे डोळे पिशवीवर गेले, मग माझ्या तोंडावर आले, मग लिफ्टच्या जमिनीवर. चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत किती वेळ लागतो? मी पिशवी छातीशी धरली, स्टिकर आत करून. आणि धरल्याबरोबर मला तो ड्रायव्हर आठवला. मास्तर उतरले. मी उतरलोच नाही, तसाच वर आलो.

बायको दारात उभी होती. "खुबूस?"

"नाय आणलं."

"तुमाना नुसती लाज वाटली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचंच मला भय वाटलं. "आता तिचा विचार करा. ती बाई ही पिशवी घेऊन तंबूत जाईल. नवरा बघेल, सासू बघेल, शेजारी बघतील. मना सांगा, तिचं काय होईल? ती पिशवी घेणारच नाय. पिशवी नाय घेतली म्हंजे कार्ड नाय, कार्ड नाय म्हंजे दवाखाना नाय. एवढं सगळं सरकारनी केलं ते तुमच्या गोंदानी घालवलं." मग म्हणाली, आमच्या इस्पितळात असल्या बायकांची तपासणी नऊ नंबरच्या खोलीत होते. त्याच खोलीत रक्तदाब बघतात, त्याच खोलीत इंजेक्शन देतात. दारावर नुसता नऊचा आकडा आहे.

दहावीतली मुलगी दारात येऊन उभी होती. "अब्बा, यू रोट दॅट?" तिने विचारलं.

मी ड्रायव्हरला फोन लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. एव्हाना तो चारशे किलोमीटर तरी गेला असणार असा हिशेब मी मनात करत होतो आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होतो. चौथ्यांदा त्याने उचलला.

"कुठे पोचलास?"

"पंपावर."

"कुठल्या पंपावर?"

त्याने सांगितलं. रियाधच्या बाहेरचा पहिलाच पंप. सकाळपासून तो तिथेच होता. मी म्हणालो, "गाडी बिघडली?" तो म्हणाला, "गाडी ठीक आहे. मी चहा पितोय." आणि मग, "माझ्याने पुढे जाववत नाही. तू कंपनीला सांगणार असशील तर सांग."

मी म्हणालो, "परत ये. चूक माझी आहे." हे वाक्य मी अरबीत त्याआधी कधी बोललो नव्हतो.

खरी कसोटी पुढे होती. कंटेनरचं सील सरकारी होतं, ते डॉक्टरीणबाईंच्या परवानगीशिवाय तोडता येत नव्हतं. बोट चुकणार होती, साहेब माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार होता, आणि ज्या गोष्टीसाठी शाबासकी घेतली तीच चुकली म्हणून सांगायची होती. मी बाईंना फोन केला आणि लिफ्टची हकिकत जशीच्या तशी सांगितली.

"मी सही केली होती," त्या म्हणाल्या. "मी बाई आहे, डॉक्टर आहे, आणि माझ्याही लक्षात आलं नाही." मग एकदम कामाच्या आवाजात: सील तोडा. स्टिकर काढा. कार्डही काढा, ती औषधांच्या पेटीतून डॉक्टरांकडे जातील, ते हातात देतील. सगळ्या पिशव्या एकसारख्या करा आणि दवाखान्यात येईल त्या बाईला मिळू देत, ताप असो, गरोदर असो, काहीही असो. पुढची बोट आठवड्याने आहे, बंदराशी मी बोलते.

सोमवारी सकाळी आम्ही चौदाशे पिशव्या गोदामात मांडल्या. स्टिकर निघेना. नखं लावली, गरम पाणी लावलं, कोणीतरी घरून केस वाळवायचं यंत्र आणलं. वरचा कागद फाटायचा आणि खाली अक्षरांचा लाल डाग राहायचा, अर्धाअधिक वाचता येणारा. हा गोंद मी निवडला होता. मी चिडून येरझाऱ्या घालत होतो, मधेच गोदामातल्या पोरांवर ओरडत होतो, मग ओरडल्याबद्दल माफी मागत होतो. कधी नव्हे ती माफी ऐकून पोरं जास्त घाबरली.

शेवटी खोबरेल तेल कामाला आलं. आमच्या रत्नागिरीकडे फणस कापताना हाताला तेल लावतात, चीक चिकटत नाही. ते आठवलं आणि मी बकाल्यातून बाटल्या मागवल्या. तेल चोळायचं, जरा थांबायचं, फडक्याने ओढायचं, साबणाने पुसायचं. स्टिकर जात होतं. ड्रायव्हरला हे काम करायची काही गरज नव्हती, पण तो बाह्या सरसावून आमच्यात बसला. निघालेली स्टिकरं तो गोळा करत होता आणि कोपऱ्यातल्या पिंपात टाकत होता, एकही जमिनीवर राहू देत नव्हता.

मंगळवारी दुपारी शेवटची पिशवी झाली. मी ती उजेडात धरली. जिथे स्टिकर होतं तिथे तेल मुरून कापडाचा रंग जरा गडद दिसत होता, तळहाताएवढा चौकोन. बाकीच्या हजार पिशव्यांवर तो नव्हता. आज नाही तर महिन्याने कोणीतरी बोलणारच: चौकोनवाली ती. लोकांना वाचायला अक्षरं लागत नाहीत, हे मला तरी आता कळलं होतं.

मी म्हणालो, "सगळ्यांना तेल लावा."

पोरांना वाटलं मी चेष्टा करतोय. "साहब, इन पे तो स्टिकर था ही नहीं."

"तरीसुद्धा. चौकोन उमटवा, त्याच जागी, तेवढाच."

हजार पिशव्या. ज्यांना काही चिकटलंच नव्हतं, त्यांवर आम्ही पुठ्ठ्याचा साचा ठेवून तेल चोळलं आणि पुसलं. साहेब येऊन बघून गेला आणि कपाळाला हात लावला. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजालाही माझ्या हातांना खोबरेलाचा वास येत होता. शनिवारपर्यंत काम चाललं. संपल्यावर ड्रायव्हरने एक पिशवी उचलली, मग दुसरी, दोन्ही शेजारी धरल्या आणि म्हणाला, "खलास." कंटेनर तोच घेऊन गेला. या खेपेला पंपावर थांबला नाही.

पण मी काही शांत झालो नाही. आठवडाभर उशीर झाला होता, त्या आठवड्यात कोणी दवाखान्यात येऊन रिकाम्या हाताने गेली असेल का, हे डोक्यातून जाईना. बायको म्हणायची, झोपा आता. मी उठून बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसायचो. पिशव्या पोचल्या एवढं कळलं. कोणाला मिळाल्या ते कळायची सोय आम्हीच ठेवली नव्हती, आणि तसंच व्हायला हवं होतं. माझ्यासारख्या माणसाला ते सोसणं फार जड गेलं.

पाच-सहा महिन्यांनी तो ड्रायव्हर माल घ्यायला आला. चहा पिताना त्याने फोन काढला. "घरचे लाल समुद्राकाठी पोचलेत. ही माझी आई." म्हातारी अंगणात बाजेवर बसली होती, शेंगा सोलत. मागे मातीच्या भिंतीवर, खिळ्याला, निळी पिशवी लटकत होती. मी फोटो मोठा केला. गडद चौकोन दिसत होता.

त्याच्या घरात आई होती, दोन बहिणी होत्या, भावाची बायको होती. हे सगळं त्याने मला पूर्वी सांगितलं होतं. माझं डोकं एकेकीवरून धावायला लागलं. आईला ताप आला असेल. वहिनी गरोदर असेल. किंवा. मी पिशवीकडे बघत राहिलो. बावीस वर्षांत मला बाहेरून न वाचता आलेली ती पहिली वस्तू होती. प्रश्न अगदी जिभेवर आला.

तो माझ्याकडे बघत होता. "मी विचारलं नाही," तो म्हणाला. "आई तिच्यात कांदे ठेवते."

मी फोन परत दिला.

"कांद्याला हवा लागते," मी म्हणालो. "तळाला दोन-चार भोकं पाडायला सांग, नाहीतर सडतील."